चंद्राचा दगड ओळखायचा कसा?



पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की आपल्या हरमलच्या किनाऱ्यावर माळा, अंगठ्या आणि रंगीत खडे विकणारे बसतात. त्यांच्याकडे ‘मूनस्टोन’ नावाचा एक दुधी, निळसर झाक असलेला खडा असतो. नाव चंद्राचे असले तरी हा खडा पृथ्वीवरच तयार झालेला, फेल्डस्पार नावाच्या खनिजगटातला आहे. गंमत म्हणजे खऱ्या चंद्राच्या कवचातही सर्वांत जास्त प्रमाणात फेल्डस्पारच आहे, पण त्या घराण्याची ती वेगळी शाखा आहे.

मग चंद्राचा खरा दगड पृथ्वीवर आहे का? आहे. अंतराळवीरांनी आणलेले दगड आहेतच. त्याशिवाय कोणीही न आणता, स्वतःहून पृथ्वीवर येऊन पडलेले दगडही आहेत. आकाशातून पडणाऱ्या दगडाला मराठीत अशनी म्हणतात. चंद्रावरून आलेल्या अशा दगडांना आपण या लेखात चांद्र अशनी म्हणू.

आम्ही शिकलो वाणिज्य शाखेत आणि नोकरी केली बँकेत. त्यामुळे खनिजशास्त्रापेक्षा आम्हाला जवळचा वाटतो तो ओळख पटवण्याचा प्रश्न. सोने तारण ठेवून कर्ज देताना दागिना पिवळा आहे एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. वजन पाहतात, कस लावतात, गरज पडली तर आणखी तपासणी करतात, आणि सगळे जुळले तरच कर्ज मंजूर होते. चांद्र अशनीचेही असेच आहे. या दगडांवरून चंद्राचा, आणि काही प्रमाणात पृथ्वीचाही, जन्म कसा झाला याचा इतिहास लिहिला जातो. दगडाची ओळख चुकली तर त्याच्या आधारे लिहिलेला इतिहासही चुकेल. म्हणून ही ओळख कशी पटवतात ते समजून घेण्यासारखे आहे.

चंद्राचा दगड इथपर्यंत येतो कसा?

चंद्रावर हवा नाही. आपल्याकडे लहान अशनी हवेत जळून किंवा मंदावून जातात. चंद्रावर मात्र प्रत्येक धोंडा पूर्ण वेगाने जमिनीवर आदळतो. आघाताच्या जागी खड्डा पडतो, त्याला विवर म्हणतात. त्या वेळी आजूबाजूचे दगड उडतात. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश असल्याने सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर वेगाने उडालेला दगड चंद्राच्या ओढीतून कायमचा सुटतो. पृथ्वीवरून सुटायचे तर हाच वेग ११.२ किलोमीटर लागतो. म्हणून चंद्रावरून दगड निसटणे तुलनेने सोपे आहे.

सुटलेले दगड अवकाशात फिरत राहतात. त्यांतले काही पृथ्वीच्या तावडीत सापडतात. वातावरणातून खाली येताना दगडाचा पृष्ठभाग वितळतो आणि त्याच्यावर पातळ कवच तयार होते. आतला भाग मात्र थंडच राहतो. त्यामुळे चंद्रावरची मूळ रचना आत सुरक्षित राहते.

चंद्राचा दगड आकाशातून पडताना कोणी पाहिल्याची नोंद नाही. सगळे नंतर सापडलेले आहेत, आणि तेही मुख्यतः अंटार्क्टिकाच्या बर्फावर, ओमानच्या वाळवंटात व उत्तर आफ्रिकेच्या सहारात. तिथेच जास्त पडतात असे नाही. थंड किंवा कोरड्या जागी दगड हजारो वर्षे टिकतो आणि मोकळ्या जमिनीवर उठून दिसतो. आपल्या पेडण्यात पडलेला दगड पावसाळ्यात भिजून, मातीत मिसळून, झाडाझुडपांखाली दिसेनासा होईल. भारतात अजून एकही चांद्र अशनी सापडल्याची नोंद नाही, त्यामागे हेही एक कारण असावे.

लिंबाएवढा पहिला दगड

१८ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेची एक तुकडी अंटार्क्टिकातील ॲलन हिल्स भागात अशनी शोधत होती. तिथे त्यांना लिंबाएवढा, ३१.४ ग्रॅम वजनाचा एक दगड मिळाला. त्याला ‘ॲलन हिल्स ८१००५’ असा क्रमांक देण्यात आला. दिसायला तो नेहमीच्या अशनींपेक्षा वेगळा होता. गडद भागात पांढरे तुकडे जडवल्यासारखे दिसत होते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील ब्रायन मेसन यांनी त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या उंच प्रदेशातील खडकाशी असलेले साम्य नोंदवले.

तरीही लगेच शिक्कामोर्तब झाले नाही. दगडाचे बारीक तुकडे वेगवेगळ्या प्रयोगशाळांना वाटले गेले. कोणी खनिजे तपासली, कोणी मूलद्रव्ये, कोणी त्यातले वायू. १९८३ साली सर्वांचे निष्कर्ष समोर आले तेव्हा ते एकमुखी होते. हा दगड चंद्राचा होता. नंतर लक्षात आले की जपानच्या तुकडीने १९७९ सालीच अंटार्क्टिकातून एक चांद्र अशनी गोळा केला होता. ‘यामातो ७९११९७’ हा तो दगड. त्याची ओळख तेवढी उशिरा पटली.

आज अशा नोंदवलेल्या दगडांची संख्या काही शेकड्यांत आहे. मात्र एकच दगड पडताना फुटून त्याचे अनेक तुकडे होतात, म्हणून चंद्रावरून झालेल्या स्वतंत्र ‘पाठवण्या’ त्याहून कमी आहेत.

आत असते काय?

चंद्राच्या कवचाचा ९८ ते ९९ टक्के भाग चारच खनिजांनी बनलेला आहे.

पहिले खनिज प्लॅजिओक्लेज. फेल्डस्पारचाच हा एक प्रकार. चंद्रावर तो कॅल्शियमने अतिशय समृद्ध असतो, त्या रूपाला अनॉर्थाइट म्हणतात. याच खनिजाने भरलेल्या फिक्या खडकाला अनॉर्थोसाइट हे नाव आहे. चंद्राचे उजळ दिसणारे उंच प्रदेश मुख्यतः याचेच आहेत.

दुसरे पायरॉक्सीन आणि तिसरे ऑलिव्हीन. दोन्हींत लोह व मॅग्नेशियम असते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्येही पायरॉक्सीन भरपूर असते.

चौथे इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचे ऑक्साइड. हे नाव कोकणाला नवीन नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील काही किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत हेच खनिज असते.

मग प्रश्न पडतो की चारही खनिजे पृथ्वीवर सापडतात, तर दगड चंद्राचा हे कशावरून? इथेच खरी कसोटी सुरू होते.

कसोट्या एकामागून एक

प्रथम दगडाचा एक लहान तुकडा कापून काचेच्या पट्टीवर चिकटवतात आणि तो घासत घासत सुमारे ०.०३ मिलिमीटर इतका पातळ करतात. एवढा पातळ केला की काळा दगडही पारदर्शक होतो. विशिष्ट दिशेचा प्रकाश त्यातून सोडला की प्रत्येक खनिज आपापला रंग व आकार दाखवते. त्यानंतर इलेक्ट्रॉनचा बारीक झोत एकेका कणावर सोडून त्यात कोणते मूलद्रव्य किती आहे ते मोजतात.

पहिली कसोटी पाण्याची. पृथ्वीवरच्या बहुतेक खडकांत कुठे ना कुठे पाण्याचा हात लागलेला असतो. अभ्रक, चिकणमाती, गंज ही त्याची चिन्हे. चंद्राच्या दगडात अशी खनिजे जवळजवळ नसतात. उलट शुद्ध धातुरूप लोखंडाचे बारीक कण असतात. आपला चिऱ्याचा दगड आणि डिचोलीची लाल माती आठवा. तो लाल रंग म्हणजे पाणी व प्राणवायू यांच्याशी संयोग झालेले लोह. चंद्रावर हवा नाही, वाहते पाणी नाही, त्यामुळे तिथले लोखंड कोट्यवधी वर्षे न गंजता राहते. अर्थात निसर्गात अपवाद असतातच. चांद्रयान-१ वरील एका उपकरणाच्या नोंदींच्या आधारे २०२० साली चंद्राच्या ध्रुवांकडील भागात हेमॅटाइटच्या, म्हणजे डिचोलीच्या लोहखनिजाच्या भाऊबंदाच्या, खुणा आढळल्याचे जाहीर झाले. पण तो अपवाद.

वाळवंटात हजारो वर्षे पडून राहिलेल्या चांद्र अशनीच्या भेगांत कॅल्साइट वगैरे पृथ्वीवरची खनिजे शिरतात. तपासताना हा नंतरचा जमाखर्च बाजूला काढावा लागतो.

दुसरी कसोटी सोडियमची. पृथ्वीवरच्या बेसॉल्टमधील प्लॅजिओक्लेजमध्ये कॅल्शियमबरोबर सोडियमही बराच असतो. चंद्राच्या प्लॅजिओक्लेजमध्ये सोडियम अगदी कमी. चंद्र तयार होताना इतका तापलेला होता की सोडियमसारखी लवकर उडून जाणारी मूलद्रव्ये त्याच्यापासून निघून गेली, असे मानतात.

तिसरी कसोटी लोह आणि मँगनीज यांच्या गुणोत्तराची. ही दोन मूलद्रव्ये खडक तयार होताना जोडीने वावरतात. त्यामुळे त्यांचे प्रमाण प्रत्येक ग्रहगोलासाठी जवळपास ठरलेले असते. चंद्राच्या दगडांत ते सुमारे ७० असते, मंगळाच्या दगडांत सुमारे ४०, तर वेस्टा या मोठ्या लघुग्रहाच्या दगडांत सुमारे ३०. दगड फिका असो वा काळा, हा आकडा फारसा हलत नाही. बँकेत खाते क्रमांकावरून शाखा कळते, तसाच हा प्रकार.

चौथी कसोटी प्राणवायूची. खडकांतील प्राणवायूचे १६, १७ आणि १८ वजनाचे तीन प्रकार असतात, त्यांना समस्थानिके म्हणतात. त्यांचे परस्पर प्रमाण मंगळावर वेगळे, वेस्टावर वेगळे. पण पृथ्वी आणि चंद्र यांचे प्रमाण जवळजवळ तंतोतंत सारखे आहे. म्हणजे या कसोटीने मंगळ आणि लघुग्रह बाद होतात, पण पृथ्वी आणि चंद्र यांच्यात निवाडा होत नाही. तो वरच्या तीन कसोट्यांनी करायचा.

पाचवी कसोटी प्रवासाची. अवकाशात सतत विश्वकिरणांचा मारा चालू असतो. त्यामुळे दगडात बेरिलियम-१०, ॲल्युमिनियम-२६, क्लोरीन-३६ यांसारखी किरणोत्सारी मूलद्रव्ये तयार होतात. दगड पृथ्वीवर पडला की वातावरण ढालीसारखे वर येते आणि ही भर थांबते. आधीचा साठा ठरावीक दराने घटत राहतो. बेरिलियम-१० सुमारे १४ लाख वर्षांत निम्मे होते, ॲल्युमिनियम-२६ सुमारे ७ लाख वर्षांत. उरलेल्या शिलकीवरून दगड किती काळ अवकाशात होता आणि पृथ्वीवर येऊन किती काळ झाला, हे मागे मोजत जाऊन काढता येते. व्याजाच्या दरावरून जुन्या ठेवीची तारीख शोधण्यासारखेच हे. पृथ्वीवरच्या साध्या दगडात असा हिशेब सापडणारच नाही.

या पाच कसोट्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. वेगळे यंत्र, वेगळे गणित, बहुधा वेगळी माणसे. तरीही उत्तर एकच आले की मग दगड चंद्राचा ठरतो.

कसोटीशिवाय विश्वास ठेवला की काय होते याचे उदाहरण नेदरलँड्समध्ये घडले. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या प्रसिद्ध संग्रहालयात एक ‘चंद्राचा दगड’ जपून ठेवलेला होता. तो त्या देशाच्या माजी पंतप्रधानांच्या मृत्यूनंतर संग्रहालयाकडे आला होता, आणि अपोलो ११ च्या अंतराळवीरांच्या १९६९ सालच्या भेटीशी त्याचा संबंध जोडला जाई. २००९ साली भूवैज्ञानिकांनी तपासले तेव्हा तो अश्मीभूत लाकडाचा तुकडा निघाला. नावे मोठी होती, पण दगडाची तपासणी झालेली नव्हती.

दगडाचे जन्मगाव

दगड चंद्राचा ठरला, पण चंद्रावर कुठला? हे ठरवणे जास्त अवघड. बहुतेक दगडांबद्दल एवढेच सांगता येते की तो उंच प्रदेशातला आहे की काळ्या सपाट मैदानातला. उंच प्रदेशातील अशनींमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइड साधारण २५ ते ३० टक्के आणि लोह ऑक्साइड ३ ते ६ टक्के असते. काळ्या मैदानांतील बेसॉल्ट अशनींमध्ये लोह ऑक्साइड सुमारे २० टक्क्यांपर्यंत जाते.

क्वचित एखादा दगड आपला पूर्ण पत्ता घेऊन येतो. जानेवारी २००२ मध्ये ओमानच्या वाळवंटात २०६ ग्रॅमचा एक दगड सापडला. त्याचे नाव ‘सायह अल उहायमिर १६९’. आपल्या भागातील कितीतरी कुटुंबांची माणसे नोकरीनिमित्त आखातात आहेत, मस्कतला आहेत. त्याच देशातली ही गोष्ट. या दगडात थोरियम हे मूलद्रव्य विलक्षण जास्त होते. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने थोरियमचा नकाशा आधीच तयार केलेला होता, आणि एवढे थोरियम चंद्राच्या मोजक्याच भागात आहे. दगडाच्या निरनिराळ्या भागांचे वय काढले तेव्हा त्याची सगळी हकिगतच मिळाली.

सुमारे ३९१ कोटी वर्षांपूर्वी चंद्रावर प्रचंड आघात होऊन इंब्रियम नावाचे विशाल खोरे तयार झाले, तेव्हा हा खडक वितळून घडला. सुमारे २८० कोटी आणि २० कोटी वर्षांपूर्वी त्याला आणखी आघातांचे धक्के बसले. गेल्या ३ लाख ४० हजार वर्षांच्या आत केव्हातरी एका आघाताने तो चंद्रावरून उडाला, आणि सुमारे ९,७०० वर्षांपूर्वी ओमानात येऊन पडला. तो चंद्राच्या लालांद विवराच्या आसपासचा असावा, असे संशोधकांनी दाखवून दिले. तळहातावर मावेल एवढ्या दगडातून जन्म, अपघात आणि स्थलांतर यांची एवढी नोंद निघाली.

ओमानच्याच धोफार प्रांतातील दुसऱ्या एका चांद्र अशनीत, ‘धोफार २८०’ मध्ये, लोह आणि सिलिकॉन यांचे एक नवे खनिज सापडले. त्याला हॅपकाइट हे नाव २००४ साली मिळाले. चंद्राच्या पृष्ठभागावर बारीक कणांचा मारा होऊन दगडाची वाफ होते आणि ती पुन्हा थिजते. त्यातून अशी खनिजे बनतात, असे ब्रूस हॅपके यांनी कित्येक वर्षे आधी मांडले होते. म्हणून त्यांचे नाव.

अपोलोचे दगड असताना हे कशाला?

१९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली. एवढे असताना भटके दगड कशाला तपासायचे, असे कोणी विचारेल. उत्तर सोपे आहे. सहाही मोहिमा चंद्राच्या आपल्याकडील बाजूला, त्यातही मर्यादित पट्ट्यात उतरल्या. आणि तो पट्टा नेमका थोरियमसारख्या मूलद्रव्यांनी भरलेल्या आगळ्या प्रदेशात किंवा त्याच्या जवळ निघाला. एका शाखेची वही तपासून सगळ्या बँकेचा ताळेबंद लिहावा, तसे झाले असते. चांद्र अशनी मात्र कुठूनही येतात, कारण आघात जागा निवडून होत नाही. पलीकडच्या बाजूचेही दगड त्यांच्यात असणारच.

या दगडांनी काय दाखवले? उंच प्रदेशातील बहुतेक अशनींमध्ये थोरियम अगदी कमी निघाले. म्हणजे चंद्राच्या मोठ्या भागाचे कवच अपोलोच्या जागांपेक्षा साधे, जवळपास अनॉर्थोसाइटचेच आहे. त्यामुळे एका जुन्या कल्पनेला आधार मिळाला. अपोलो ११ ने आणलेल्या मातीत थोडे पांढरे कण होते. त्यांवरून १९७० साली शास्त्रज्ञांनी तर्क केला की सुरुवातीला सगळा चंद्र वितळलेल्या लाव्ह्याच्या महासागराने वेढलेला असावा. तो थंड होताना जड ऑलिव्हीन व पायरॉक्सीन तळाला गेले आणि हलके प्लॅजिओक्लेज दुधावर साय यावी तसे वर तरंगून कवच झाले. मूठभर कणांवरून केलेला हा तर्क वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या अशनींनी पक्का केला.

आणि प्राणवायूच्या त्या सारखेपणाचे काय? आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात की सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोल पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या तप्त द्रव्यातून चंद्र जन्मला. पृथ्वी आणि चंद्र यांचा प्राणवायू इतका सारखा कसा, यावर अजून काम चालू आहे. पण दोघांचे नाते जवळचे आहे, हे या दगडांनी सिद्ध केले.

आपल्या लोकांचा वाटा

चंद्राचा दगड आपल्याकडे तपासला गेला तो प्रथम मुंबईत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोच्या नमुन्यांवर काम केले. विश्वकिरणांतील जड लोहकेंद्रके खनिजाच्या कणातून आरपार जाताना बारीक रेघ सोडतात. रसायन लावून ती रेघ सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल अशी करायची आणि मोजायची, हे त्यांचे तंत्र. १९७१ च्या त्यांच्या शोधनिबंधाच्या लेखकांत नरेंद्र भांडारी, ताम्हणे, वेंकटवरदन ही नावे आहेत. भांडारी पुढे चांद्रयान-१ शी जोडले गेले, तर वेंकटवरदन मुंबईच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले.

बेसॉल्टवर आघात झाला की काय होते हे पाहायला चंद्रावर जायची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर पुरे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या बेसॉल्टमध्ये आघाताने पडलेले आहे. १९७३ साली फ्रेडरिकसन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी त्याचे पुरावे ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. अशा आघाताने प्लॅजिओक्लेज न वितळताच काचेसारखे होते. असे काचेसारखे प्लॅजिओक्लेज लोणारलाही सापडते आणि अशनींतही. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येतात.

आपल्या गोव्यातही अवकाशातून येणाऱ्या द्रव्यावर काम होते. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या खोल तळावरील गाळातून चुंबकाच्या साहाय्याने अवकाशातील धुळीचे बारीक गोळे वेचले आहेत. ते चंद्राचे नव्हेत, बहुतांशी लघुग्रहांकडचे. पण खनिजांवरून मूळ ठिकाण शोधण्याची पद्धत तीच.

आणि शेवटी २३ ऑगस्ट २०२३. चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिणेकडे सुमारे ७० अंश अक्षांशावर उतरले. प्रज्ञान या बग्गीने सुमारे १०३ मीटर अंतरात २३ ठिकाणी मातीतील मूलद्रव्ये मोजली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा निबंध ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. तिथली माती मुख्यतः अनॉर्थोसाइटचीच निघाली. ज्या भागात पूर्वी कोणी मातीला हात लावला नव्हता, तिथेही लाव्ह्याच्या महासागराची ती साय सापडली. अशनींनी जे सांगितले, ते आपल्या यानाने जागेवर जाऊन तपासले आणि जमा बाजू जुळली.

आपल्याला दगड सापडला तर

कोणाला शेतात, डोंगरावर किंवा किनाऱ्यावर काळा, जड, विचित्र दगड सापडला की अशनीची शंका येणे स्वाभाविक आहे. आपल्या भागात अशा दगडांत बहुधा लोहखनिज, मँगनीज, चिऱ्यातले कठीण गोळे किंवा भट्टीतली मळी निघते. घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. न्हाणीघराच्या लादीच्या खरखरीत मागच्या बाजूवर दगड घासावा. लालसर तपकिरी रेघ उमटली तर तो हेमॅटाइट, म्हणजे डिचोलीकडचा पाहुणा. काळी रेघ उमटली तर मॅग्नेटाइट किंवा मँगनीज असू शकते. खऱ्या, ताज्या अशनीची रेघ सहसा उमटत नाही.

चुंबकावर मात्र विसंबू नये. सर्वसाधारण अशनी चुंबकाला चिकटतात, कारण त्यांत धातुरूप लोखंड भरपूर असते. चंद्राच्या दगडात ते इतके थोडे असते की चुंबक बहुधा दाद देत नाही. म्हणजे चुंबकाला चिकटणारा दगड चंद्राचा असण्याची शक्यता उलट कमीच. आणि चुंबकाला न चिकटणारे दगड तर गावात पावलोपावली आहेत.

शंका कायम राहिली तर दगड फोडू नये, धुऊ नये, तेल लावू नये. सापडल्याची जागा व तारीख लिहून ठेवावी, छायाचित्र काढावे आणि स्वच्छ पिशवीत ठेवून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. देशात पडलेल्या अशनींचे जतन ही संस्था करते. कोणी ‘चंद्राचा दगड’ म्हणून विकायला आणला तर तपासणीचा कागद मागावा. कोणत्या प्रयोगशाळेने, कोणत्या कसोट्या केल्या, आंतरराष्ट्रीय नोंदीत त्याचे नाव काय आहे, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवावेत.

चंद्राचे दोन खडक मात्र फुकट पाहता येतात. येत्या पौर्णिमेला किनाऱ्यावर वर पाहा. उजळ दिसतो तो अनॉर्थोसाइट. सशासारखे काळे डाग दिसतात तो बेसॉल्ट. आपल्या पूर्वेच्या सह्याद्रीचा पाषाण याच जातीचा, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, आणि ते डाग बहुतांशी तीनशे कोटी वर्षांहूनही जुने. नातवंडांना सशाची गोष्ट जरूर सांगावी, आणि तिच्याबरोबर हीही सांगावी.